काचेच्या महालातील कापड : १८५१ चे महाप्रदर्शन कशासाठी भरले?

थ्रेड.

१८६६ साली लंडनमध्ये अठरा ग्रंथांचा एक संच सिद्ध झाला. त्यात वाचण्याजोगा मजकूर फारसा नव्हता. पानापानावर कापडाचे खरेखुरे तुकडे डकवलेले होते : कोठे लुगड्याचा काठ, कोठे पागोट्याचे वस्त्र, कोठे धोतराची किनार, कोठे मलमल. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक. ते कापड कोठे विणले गेले, त्याची लांबी किती, रुंदी किती, वजनाला किती भरते आणि बाजारात कितीला मिळते, याची नोंद. असे एकूण ७०० नमुने, सर्व हिंदुस्थानातले. ज्यांनी ते विणले त्यांच्या नावांना या नोंदीत जागा नव्हती.

हे ग्रंथ कोणी व का तयार केले, हे समजण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते. लंडनच्या हाइड पार्कमध्ये, एका काचेच्या महालात.

१ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते 'सर्व राष्ट्रांच्या उद्योगकृतींचे महाप्रदर्शन' उघडले. सुमारे १४,००० प्रदर्शक, एक लाखाहून अधिक वस्तू, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साठ लाखांवर प्रेक्षकभेटी. ७ ऑक्टोबरला तर एकाच दिवसात १ लाख ९ हजारांहून अधिक लोक आत गेले.

ज्या इमारतीत हे घडले, तिची कथाही वेगळीच. आराखड्यांच्या स्पर्धेत २४५ प्रवेशिका आल्या आणि एकही पसंत पडली नाही. समितीने स्वतःच विटांच्या एका अवजड इमारतीचा आराखडा काढला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची रेवडी उडवली. अखेर जे स्वीकारले गेले ते जोसेफ पॅक्स्टन या माणसाचे रेखाटन. पॅक्स्टन वास्तुविशारद नव्हता. एका सरदाराच्या वाड्यावर तो मुख्य माळी होता आणि उष्ण देशांतल्या वनस्पतींसाठी काचघरे बांधण्यात त्याचा हात बसलेला होता. लोखंडाचे सांगाडे आणि काचेची सुमारे ३ लाख तावदाने कारखान्यांत एकाच मापाने घडवायची व जागेवर आणून केवळ जोडायची, ही त्याची युक्ती. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये उठला होता, म्हणून हे परवडलेही. उद्यानातले जुने वृक्ष न तोडता छतच उंच घेतले गेले आणि वर्षाच्या आत महाल उभा राहिला. 'पंच' साप्ताहिकामुळे त्याचे 'क्रिस्टल पॅलेस' हे नाव रूढ झाले.

या प्रदर्शनाचे वर्णन पुष्कळदा 'साम्राज्याचा दिमाख' या दोन शब्दांत आटोपते. दिमाख होताच. परंतु हेन्री कोल आणि राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी हा खटाटोप आरंभला, त्यामागे एक काळजी होती आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो.

ब्रिटनची यंत्रे जगात सर्वांत वेगाने माल काढत होती. मालाला देखणेपण मात्र नव्हते. नक्षी, रंगसंगती, घाट या बाबतींत फ्रेंच माल ब्रिटिश मालाला मागे टाकी. १८३५-३६ मध्ये पार्लमेंटच्या एका समितीने याच प्रश्नाची चौकशी केली होती आणि १८३७ मध्ये सरकारी आरेखनशाळाही निघाली होती. तरी पालट दिसेना. कोल १८४९ मध्ये पॅरिसचे औद्योगिक प्रदर्शन पाहून आला. फ्रान्समध्ये अशी प्रदर्शने पूर्वीपासून भरत, पण त्यांत माल फक्त फ्रेंच असे. सगळ्या जगाचा माल एका छताखाली मांडावा, आपल्या कारागिरांनी, कारखानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी तो शेजारी शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे आपण कोठे उणे पडतो ते त्यांना कळेल, हा विचार तेथून बळावला. धान्यावरील संरक्षक कायदे १८४६ मध्ये रद्द झाले होते. खुल्या व्यापाराचे वारे वाहत होते. सर्वांना दारे उघडायची तर सर्वांचा माल आधी नीट पाहून घेणे ओघानेच आले.

म्हणून वर्गीकरणाला एवढे महत्त्व. कच्चा माल, यंत्रे, तयार माल आणि ललितकला असे चार मोठे विभाग आणि त्यांखाली तीस वर्ग पाडले गेले. कापूस एका वर्गात, कातण्याचे यंत्र दुसऱ्यात, कापड तिसऱ्यात. जगातली कोणतीही वस्तू घ्या, तिला या कोष्टकात एक घर ठरलेले.

एक नियम मात्र चकित करणारा होता. प्रदर्शनातल्या वस्तूंवर किंमत लावण्यास मनाई होती. बाजाराचे रूप येऊ नये, लोकांनी वस्तूकडे शिकण्यासाठी पाहावे, हा त्यामागचा हेतू. हा नियम लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागेल.

लोकांविषयीचा धाकही होता. १८४८ मध्ये युरोपभर क्रांत्यांचा वणवा पेटला होता, लंडनमध्ये चार्टिस्ट कामगारांचा प्रचंड मेळावा झाला होता. एक शिलिंगाचे स्वस्त तिकीट काढले तर गिरण्या-खाणींतले मजूर राजधानीत लोटतील आणि दंगा माजेल, असे अनेक प्रतिष्ठितांना वाटे. २६ मे पासून शिलिंगाचे दिवस सुरू झाले. मजूर आले, आगगाडीने आले, बायकापोरांसह आले, शिदोऱ्या सोडून जेवले आणि परत गेले. थॉमस कुक या सहल-व्यावसायिकाने दीड लाखांवर माणसे आणली. पैसे देऊन वापरायची सार्वजनिक शौचालये येथेच प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालली. एक पेनी देऊन ८ लाखांहून अधिक लोकांनी त्यांचा लाभ घेतला. दंगा झाला नाही.

आता हिंदुस्थानच्या दालनाकडे. मध्यवर्ती भागातली मोक्याची जागा त्याला मिळाली होती. माल जमवला ईस्ट इंडिया कंपनीने, इलाख्याइलाख्यांतल्या समित्यांमार्फत. मांडणी जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली झाली. त्रावणकोरच्या महाराजांनी राणीला पाठवलेले हस्तिदंती सिंहासन, ढाक्याची मलमल, काश्मिरी शाली, जरीची वस्त्रे, शस्त्रे, दागिने. त्याच दालनात कापूस, नीळ, लाख, धान्ये, इमारती लाकूड.

मुर्शिदाबादच्या नवाबाने राणीला भेट दिलेली एक अंबारी आली होती. अंबारी ठेवायची तर हत्ती हवा. तो एसेक्स परगण्यातील सॅफ्रन वॉल्डन या छोट्या गावाच्या संग्रहालयातून उसना आणला गेला. हत्ती पेंढा भरलेला होता, आणि आफ्रिकेतला होता. हिंदुस्थानच्या वैभवाचे प्रतीक म्हणून लाखो लोकांनी तो डोळे भरून पाहिला.

कोहिनूरही तेथेच होता. दोनच वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा लाहोरच्या बालमहाराजा दुलीपसिंगाकडून तो घेतला गेला होता. पिंजऱ्यातल्या त्या हिऱ्याभोवती गर्दी उसळे आणि हिरमुसून परते, कारण हिंदुस्थानी पद्धतीने पैलू पाडलेला तो हिरा विलायती डोळ्यांना पुरेसा चमकदार वाटेना. त्यावर गॅसचे दिवे लावून पाहिले. उपयोग झाला नाही. १८५२ मध्ये तो पुन्हा कापून घेण्यात आला आणि १८६ कॅरटांचा हिरा १०५ कॅरटांच्या आसपास उरला. प्रेक्षकांच्या नापसंतीमुळे जवळजवळ निम्मा कोहिनूर झिजवला गेला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कापडापुढे मात्र कोणी हिरमुसले नाही. ओवेन जोन्ससारख्या आरेखनतज्ज्ञांनी हिंदुस्थानी विणकरांची उघड स्तुती केली. रंग कोठे थांबवावा, मोकळी जागा किती ठेवावी, नक्षी कापडाच्या अंगाने कशी जावी, हे यांना कळते आणि आपल्या गिरण्यांना कळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८५६ च्या आपल्या 'ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' या ग्रंथात जोन्सने हिंदुस्थानी अलंकरणाला मानाचे स्थान दिले. प्रदर्शन संपताच सरकारने ५,००० पौंड मंजूर केले. त्यातून विकत घेतलेल्या नमुन्यांत हिंदुस्थानी वस्तूंचा मोठा भाग होता. त्यांचेच पुढे साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय झाले, जे १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखले जाते.

ही स्तुती प्रामाणिक होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याची स्तुती झाली तो विणकर त्याच वेळी मँचेस्टरच्या सुताशी व कापडाशी झगडत होता, आणि ज्या दालनात त्याचे कापड टांगले होते त्याच दालनात त्याच्या देशाचा कापूस कच्चा माल म्हणून मांडलेला होता.

येथे जॉन फोर्ब्स वॉटसन या माणसाचा प्रवेश होतो. हा स्कॉटिश डॉक्टर १८५० मध्ये मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाला. काही काळ तो अहमदनगरच्या तोफखान्यासोबत होता, पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने अध्यापन केले. १८५८ मध्ये लंडनला त्याची नेमणूक झाली ती 'हिंदुस्थानच्या उत्पादनांचा प्रतिवेदक' या पदावर. १८६२ च्या दुसऱ्या लंडन प्रदर्शनात हिंदुस्थानी विभागाची सूची त्याच्याकडे होती. प्रदर्शने भरत, गाजत आणि मोडत. वस्तू पुन्हा कोठारात जात. हे ज्ञान वाया जाते, असे त्याला वाटले. संग्रहालयच कापून, बांधून, पेटीत घालून व्यापाऱ्याच्या टेबलावर का पोहोचवू नये?

आरंभी उल्लेख आलेले अठरा ग्रंथ ते हेच. लंडनच्या इंडिया म्युझियमच्या कोठारातली कापडे कापून त्यांचे वीस एकसारखे संच केले गेले. तेरा ब्रिटनमध्ये राहिले, मुख्यतः कापड-व्यापाराच्या शहरांत. सात हिंदुस्थानसाठी ठरले : कलकत्ता, मद्रास, मुंबई, कराची, वायव्य प्रांत, पंजाब आणि वऱ्हाड.

वऱ्हाडचे नाव या यादीत का यावे, हे कापसाची वाट ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावे लागत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता आणि अमेरिकेतील यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी येथल्या काळ्या जमिनीकडे वळली होती. आता तेथे एक संच असावा, म्हणजे लंडनचा व्यापारी आणि येथला अडत्या एकाच क्रमांकाच्या तुकड्यावर बोट ठेवून पत्रव्यवहार करू शकतील, अशी ही व्यवस्था. कापूस येथून जाईल, आणि त्याचे लुगडे होऊन परत येईल.

वॉटसनला एक गोष्ट इतर विलायती लोकांहून चांगली कळली होती. हिंदुस्थानात पुष्कळशी वस्त्रे शिवली जात नाहीत. ती मागावरच पूर्ण होतात. लुगडे, धोतर, पागोटे, उपरणे यांना शिंप्याची कात्री लागत नाही. म्हणून नुसते ठाण विणून भागत नाही. लांबी ठरावीक हवी, काठ ठरावीक जागी हवा, पदर निराळा हवा. प्रांत बदलला की हे सर्व बदलते. मँचेस्टरने साधे कोरे कापड विकण्यात यश मिळवले होते, पण काठापदरापाशी त्याची गाडी अडत होती. या मालाचा पुरवठा ब्रिटनने करायचा असेल तर हिंदुस्थानी माणसाला काय आवडते व काय शोभते ते आधी शिकले पाहिजे आणि तसेच हुबेहूब विणले पाहिजे, हे त्याने आडपडदा न ठेवता मांडले.

१८५१ मध्ये किंमत लिहिण्यास मनाई होती. १८६६ च्या पानांवर ती लिहिलेली आहे.

या ग्रंथांनीच हातमाग मोडला, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. यंत्राच्या सुताची स्वस्ताई, जकातीचे धोरण, रेल्वे यांनी जे केले त्यापुढे ७०० तुकडे म्हणजे काहीच नव्हे. शिवाय वॉटसनने हेरलेली अडचण खरीच अडचण ठरली. जाडेभरडे, साधे कापड विणणाऱ्यांचा धंदा बसला. पण काठापदराची लुगडी विणणारे माग विसाव्या शतकातही सोलापूरसारख्या गावी चालू राहिले. ग्रंथांचे महत्त्व वेगळे आहे. कौतुक आणि नक्कल या दोन्ही गोष्टी एकाच कोठारातून, एकाच कात्रीने कशा निघू शकतात, याचा इतका नितळ पुरावा दुसरा मिळणे कठीण.

मुंबईत या प्रदर्शनांचे जे बीज पडले ते भायखळ्याला आजही उभे आहे. शहरात संग्रहालय असावे हा विचार प्रथम १८५० मध्ये, क्रिस्टल पॅलेससाठी माल जमवण्याच्या धांदलीतच पुढे आला. १८५७ मध्ये फोर्टातल्या टाउन बराकीत ते उघडलेही. पण त्याच वर्षीच्या उठावात लष्कराला बराकी हव्या झाल्या आणि संग्रहाची वाताहत झाली. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लोकवर्गणीतून नवी इमारत उभारण्याचा ध्यास घेतला. १८६२ मध्ये पाया घातला गेला, १८७२ मध्ये दारे उघडली. नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. लंडनच्या संग्रहालयाला ते नाव मिळाले त्याच्याही सत्तावीस वर्षे आधी. आत प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

नाना शंकरशेट किंवा भाऊ दाजी या कामात का पडले? राजनिष्ठा हे एक उत्तर आहे, पण पुरे नाही. आपल्या लोकांनी आपल्याच देशातला माल व कसब एका ठिकाणी पाहावे आणि त्यातून शिकावे, हा हेतू त्यांचाही होता. साधन तेच, पाहणारा डोळा वेगळा.

प्रदर्शनांची साथ पुढे वाढतच गेली : पॅरिस, व्हिएन्ना, फिलाडेल्फिया, मेलबर्न, १८८३ मध्ये कलकत्ता. त्यांत १८८६ च्या लंडनमधील 'वसाहती व हिंदुस्थानी प्रदर्शना'पाशी थांबले पाहिजे, कारण तेथे वस्तूंच्या जोडीला माणसेही मांडली गेली. सुमारे ५५ लाख प्रेक्षकांपुढे चौतीस हिंदुस्थानी कारागीर रोज बसून विणकाम, कुंभारकाम, कोरीवकाम करीत. खेड्यापाड्यांतली पिढीजात कला म्हणून त्यांची ओळख करून दिली जाई. वस्तुस्थिती अशी की त्यांतले बहुतेक जण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून आणलेले होते आणि त्यांना आणणारे डॉ. टायलर त्या तुरुंगाचे अधीक्षक होते. गालिचे विणणे त्यांतल्या अनेकांनी तुरुंगातच शिकले होते. हा प्रकार आग्र्यापुरता नव्हता; पुण्याच्या येरवडा तुरुंगातही गालिचे विणले जात. कारागिरांतला सर्वांत वृद्ध कुंभार बक्षीराम. त्याचे वय शंभराच्या वर सांगितले जाई. राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून यांतल्या काहींची व्यक्तिचित्रे करवून घेतली. ऑस्बर्न हाउसच्या भिंतींवर ती आजही आहेत, आणि निदान तेथे त्यांना नावे आहेत.

याच प्रदर्शनात त्रैलोक्यनाथ मुखर्जी हे बंगाली अधिकारी सरकारी कामावर होते. आपण पाहायला आलो आहोत आणि आपल्यालाच पाहिले जात आहे, हा दुहेरी अनुभव त्यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात मिश्कीलपणे नोंदवला.

१८५१ च्या कोष्टकाचे दूरवरचे पडसाद १९१० मध्ये उमटले. मुंबईत संग्रहालयासाठी झटलेले, हिंदुस्थानी कारागिरीवर १८८० मध्ये प्रेमाने ग्रंथ लिहिणारे बर्डवुड आता वृद्ध झाले होते. लंडनच्या ज्या कलासंस्थेतून महाप्रदर्शनाची कल्पना निघाली, त्याच संस्थेच्या सभेत त्यांनी हिंदुस्थानला ललितकला अशी नाहीच, असे मत मांडले आणि बुद्धाच्या एका मूर्तीला चरबी घालून उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. तेरा कलावंत व समीक्षकांनी 'टाइम्स'मध्ये जाहीर निषेध केला आणि त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. बर्डवुड यांना हिंदुस्थानविषयी तिटकारा नव्हता. सहा दशके चाललेल्या मांडणीत हिंदुस्थानला दिलेले घर 'कारागिरी'चे होते; मूर्ती त्या घरात बसेना, एवढेच.

तिकडे हिंदुस्थानात हेच साधन उलट फिरवले जात होते. कच्चा माल पाठवणारा आणि पक्का माल विकत घेणारा देश ही स्थिती पालटली पाहिजे, हे न्यायमूर्ती रानडे आकडेवारीसह मांडत होते. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. त्याआधीच सार्वजनिक काकांनी स्वदेशी मालाची दुकाने काढली होती आणि स्वतः हातच्या सुताचे कापड अंगावर घालून ते १८७७ च्या दिल्ली दरबारात उपस्थित राहिले होते. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनापासून काँग्रेससोबत औद्योगिक प्रदर्शन भरू लागले. वर्ग, क्रमांक, पदके, सूची, सारे क्रिस्टल पॅलेसच्या धाटणीचे. मांडलेला माल मात्र स्वदेशी गिऱ्हाइकासाठी.

आणि पैशाचे काय झाले? महाप्रदर्शनाला १,८६,००० पौंड नफा झाला. त्यातून साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली गेली. संग्रहालये, इंपीरियल कॉलेज, अल्बर्ट हॉल त्याच जमिनीवर आहेत आणि तिथल्या रस्त्याचे नाव आजही 'एक्झिबिशन रोड' आहे. उरलेल्या निधीतून १८९१ पासून विज्ञानाच्या शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. अर्नेस्ट रदरफर्डला त्यांतली एक मिळाली. १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या मुंबईच्या होमी भाभांनाही मिळाली.

काचेचा महाल १८५४ मध्ये सिडनहॅमच्या टेकडीवर हलवला गेला होता. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री तो जळून गेला. वॉटसनच्या वीस संचांपैकी काही अजून शाबूत आहेत. एक लँकेशायरमधल्या प्रेस्टन या जुन्या गिरणगावच्या संग्रहालयात आहे. कापड, क्रमांक, लांबी, रुंदी, वजन, किंमत, सर्व जागच्या जागी.